वास्कोतलं झिंकचं दुकान आणि त्यातली वजनाची वही

गेल्या वर्षी १ जूनला मासेमारीची बंदी लागली आणि चौथ्या दिवशी भावजींनी ट्रॉलर वर काढला. सोळा मीटरचा, पोलादी. संध्याकाळी चहाला आले तेव्हा म्हणाले, "वहिनी, समुद्रातल्या पाइपांना गंज लागू नये म्हणून तुम्ही हिशेब करता ना? मग आमच्या बोटीला झिंक किती लावायचं ते एकदा सांगाच."

चौदा वर्षं बेलापूरच्या एका डिझाइन ऑफिसात मी हेच केलं. समुद्रतळावरच्या तेल-वायूच्या पाइपलाइनींचं कॅथोडिक प्रोटेक्शन, म्हणजे जोडलेलं झिंक किंवा ॲल्युमिनियम झिजू द्यायचं आणि त्यातून मिळणाऱ्या विजेच्या प्रवाहानं पोलाद गंजापासून वाचवायचं. आता वास्कोत घरून इतरांची डिझाइनं तपासून देते. त्यामुळे मी लगेच कागद ओढला. पाण्याखालचा पत्रा किती, तर साधारण शंभर चौरस मीटर. रंग कोणता, तर इपॉक्सी, "चांगला जाड". जाड म्हणजे डीएनव्ही या ऑफशोअर कामांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या बी४०१ या मानकातला रंगाचा तिसरा प्रकार असणार, असं मी धरलं. दोन किंवा जास्त थर, एकूण निदान ३५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दहा मिनिटांत उत्तर काढलं: दहा महिन्यांच्या हंगामाला जेमतेम दोन किलो झिंक पुरेल.

भावजी हसले नाहीत, वादही घातला नाही. म्हणाले, "उद्या दुकानात चला. जुनी झिंकं न्यायचीच आहेत, तिथं वजन करून घेतात."

त्या दुकानाबद्दल हे लिहिते आहे. बोटवाल्यांना त्याचा उपयोग होईल, आणि माझ्या धंद्यातली, म्हणजे ऑफशोअर पाइपलाइनवाली जी मंडळी मराठीत वाचतात, त्यांनी तर गोव्यात आल्यावर तिथं जरूर जावं.

खारीवाडोच्या धक्क्यावरून चालत दहा मिनिटं. पाटीवर दुकानाचं नाव नाही, "मरीन पेंट, झिंक, रोप" एवढंच. दाराशी नायलॉनच्या दोरांची भेंडोळी, डाव्या हाताला वीस लिटरचे रंगाचे डबे, उजवीकडे लाकडी फळ्यांवर रचलेल्या झिंकच्या आणि ॲल्युमिनियमच्या विटा. मागच्या भिंतीला खुंटीवर एक ताणकाटा लटकतो आणि त्याच्याखाली टेबलावर एक लांबट वही. मालक सत्तरीचे आहेत. सगळे त्यांना काका म्हणतात. मला त्यांनी पहिल्या दिवसापासून 'बाय' म्हणायला सुरुवात केली.

भावजींनी पोतं उपडं केलं. सहा जुनी झिंकं, बोटीवरून काढलेली. ती जवळून बघण्यासारखी होती. नवी वीट गुळगुळीत असते, कडा सरळ, रंग राखाडी. दहा महिने समुद्रात राहिलेली वीट धुण्याच्या दगडावर झिजलेल्या साबणाच्या वडीसारखी दिसते: मधे खोल खळगे, एका बाजूनं पार पातळ, आणि आतली लोखंडी पट्टी उघडी पडलेली. खळग्यांत चुन्यासारखी पांढरी भुकटी. काकांनी एकेक वीट तारेच्या ब्रशनं घासली, भुकटी वर्तमानपत्रावर झटकली आणि मगच ती काट्याला अडकवली. भुकटीसकट वजन करत नाहीत, कारण ते खपलेलं झिंक, ते उरलेल्यात मोजायचं नाही.

०.९, १.०, ०.८, १.१, १.४, १.८. सहांची बेरीज सात किलो. लावताना प्रत्येकी तीन किलो, म्हणजे अठरा. पट्टीचं लोखंड खपत नाही, ते दोन्ही वजनांत सारखंच, म्हणून फरक निव्वळ झिंकचा. अकरा किलो.

मी दोन किलो सांगितलं होतं.

काकांनी वहीत ओळ लिहिली. बोटीचं नाव, पाण्यात किती महिने, रंग कोणता आणि किती हात, झिंक किती लावलं, किती परत आलं, शेरा. ही वही १९९६ पासूनची आहे, म्हणजे आताची सहावी. जुन्या पाच मागच्या कपाटात. जुनं झिंक भंगाराच्या भावानं विकत घ्यायचं आणि घेताना वजन लिहून ठेवायचं, एवढ्यावर ती सुरू झाली. पुढच्या वर्षी तीच बोट आली की काका आधी मागची ओळ काढतात आणि मगच किती विटा न्यायच्या ते सांगतात. जास्त विकायला बघत नाहीत. माझ्यासमोर एकाला त्यांनी आठऐवजी पाच न्यायला लावल्या, कारण मागच्या तीन वर्षांत त्याच्या आठांपैकी निम्मं झिंक परत आलं होतं.

मी विचारलं, बोटीचा रंग तर नीट दिसतोय, मग एवढं झिंक गेलं कसं? काका म्हणाले, "रंग डोळ्याला काहीही सांगू दे, बाय. झिंक किती गेलं ते बघायचं."

हे वाक्य ऐकून मी खुर्चीवर बसले, कारण बी४०१ मध्ये हेच लिहिलेलं आहे, फक्त लोक तो परिच्छेद ओलांडून थेट तक्त्यावर जातात. कोटिंग ब्रेकडाउन फॅक्टर म्हणजे किती टक्के रंग निघाला, असं निम्म्या इंजिनिअरांना वाटतं. तसं नाही. उघड्या पोलादाला गंजापासून राखायला जेवढा प्रवाह लागतो, त्याच्या किती पट प्रवाह रंगवलेल्या पोलादाला लागतो, ते प्रमाण म्हणजे हा फॅक्टर. शून्य म्हणजे कोटिंग सगळा प्रवाह अडवतं. एक म्हणजे काहीच अडवत नाही. फोड आलेलं कोटिंग कधी कधी प्रवाह चांगला अडवतं, आणि चकचकीत दिसणारं कोटिंग भरपूर प्रवाह जाऊ देतं. म्हणून तो डोळ्यानं मोजायचा आकडाच नव्हे. आणि प्रवाह मोजायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे ॲनोडचं, म्हणजे ह्या झिजणाऱ्या विटेचं, वजन.

घरी येऊन मी हिशेब उलटा केला. एक किलो झिंक साधारण ७८० अँपिअर-तास देतं. अकरा किलोचे ८,५८० झाले. ऑगस्ट ते मे, दहा महिने, ७,२९६ तास. भागाकार केला तर सरासरी १.१८ अँपिअर. आपल्यासारख्या उबदार समुद्रात, तीस मीटरपर्यंतच्या पाण्यात, उघड्या पोलादाला मानक सरासरी दर चौरस मीटरला ०.०७० अँपिअर धरतं, म्हणजे शंभर चौरस मीटरना ७ अँपिअर. १.१८ भागिले ७, सुमारे ०.१७. तिसऱ्या प्रकारासाठी मी धरलेला फॅक्टर ०.०२६ होता. साडेसहा पट चूक.

हा ०.१७ सगळा रंगाचा नाही. पंखा आणि त्याचा दांडा उघडाच असतो, तोही ह्याच झिंकवर जगतो. आणि मानक एका जागी उभ्या असलेल्या बांधकामांसाठी आहे, पळत्या बोटीसाठी नाही. तरीसुद्धा हा आकडा मानकाच्या पहिल्या प्रकाराजवळ जातो. पहिला प्रकार म्हणजे इपॉक्सीचा एकच पातळ हात, किमान २० मायक्रॉन, पहिल्या वर्षाची सरासरी ०.१५. भावजींना मी पुन्हा विचारलं तेव्हा कळलं की "चांगला जाड" रंग जुन्या रंगावरच मारला होता, खाली नुसतं घासकाम झालं होतं, आणि कडांना व वेल्डना एकच हात बसला होता. माणूस खोटं बोलला नव्हता. मी नीट विचारलं नव्हतं आणि तक्त्यातला बरा वाटणारा रकाना उचलला होता.

आता माझ्या धंद्याबद्दल बोलते, कारण त्या वहीनं मला तिथंच जागं केलं.

पाइपलाइनीत हा ब्रेकडाउन फॅक्टर बोटीपेक्षा कितीतरी जास्त जड असतो. एक उदाहरण घ्या. बारा इंची पाइप, बाहेरचा व्यास ३२३.९ मिलिमीटर, लांबी दहा किलोमीटर, आयुष्य पंचवीस वर्षं. पृष्ठभाग १०,१७६ चौरस मीटर. तीन थरांचं पॉलिएथिलीन कोटिंग, ज्याला आम्ही थ्री-एलपीई म्हणतो. पाइपलाइनींसाठीची डीएनव्हीची शिफारस, आरपी-एफ१०३, ह्या कोटिंगला सुरुवातीला ०.००१ फॅक्टर आणि दर वर्षाला ०.००००३ ची वाढ देते. पंचवीस वर्षांची सरासरी काढली की ०.००१३७५. पाइप गाडलेला नाही आणि आतलं द्रव्य ५० अंशांच्या आत असेल तर दर चौरस मीटरला ०.०५० अँपिअर. गुणाकार करा: अख्ख्या दहा किलोमीटरला ०.७ अँपिअर! २,००० अँपिअर-तास प्रति किलोच्या हिशेबानं आणि ब्रेसलेट ॲनोडचा, म्हणजे पाइपाभोवती कड्यासारख्या बसवलेल्या ॲनोडचा, ८० टक्के भागच कामी येतो असं धरून, ९६ किलो ॲल्युमिनियममध्ये पंचवीस वर्षं.

आता तोच पाइप घ्या आणि जुन्या सवयीनं फॅक्टर सरसकट पाच टक्के धरा. साडेपंचवीस अँपिअर, साडेतीन टन ॲल्युमिनियम. पाइप तोच, समुद्र तोच. मधला फरक फक्त एका गृहीताचा.

मग कोणता खरा? दोन्ही पूर्ण खरे नाहीत, कारण दोघांनीही जॉइंट सोडले. कारखान्यातून कोटिंग होऊन आलेल्या पाइपांची टोकं उघडी असतात, ती पाइप टाकणाऱ्या बार्जवर वेल्ड होतात आणि त्यावर तिथल्या तिथं कोटिंग होतं. सव्वाबारा मीटरचा पाइप धरला तर दहा किलोमीटरमध्ये आठशेवर जॉइंट. प्रत्येकाला अर्धा मीटर धरा, म्हणजे एकूण पृष्ठभागाच्या चार टक्के. ह्या जॉइंटचं कोटिंग साधंच असेल, समजा सुरुवातीला दहा टक्के आणि दर वर्षाला एक टक्का वाढ, तर पंचवीस वर्षांची सरासरी साडेबावीस टक्के. त्याचे चार टक्के, म्हणजे एकूण पाइपाच्या हिशेबात ०.००९. मूळ पाइपाचं ०.००१३७५ त्यात मिळवा. प्रवाह ०.७ वरून ५.३ अँपिअरवर गेला, ॲनोड ९६ किलोंवरून ७२० किलोंच्या पुढे. चार टक्के जागेनं गरज साडेसात पट केली. म्हणून डिझाइन तपासताना मी पाइपाच्या कोटिंगचं पान शेवटी वाचते आणि जॉइंटच्या कोटिंगचं पहिलं.

एका प्रकल्पात मला ह्याचा फार त्रास झाला, तो अजून जात नाही. डिझाइनमध्ये आम्ही जॉइंटला हीट-श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळून बसणारं वेष्टन) धरली होती, खाली द्रव इपॉक्सी प्रायमरसकट. प्रायमर असेल तर आकडा खाली येतो, आणि त्याच जोरावर आम्ही ॲनोडमधलं अंतर वाढवलं होतं. पाइप टाकण्याचं काम सुरू झालं. बार्जवर सगळी स्टेशनं एका तालात चालतात, वेल्डिंगवाले उरकले की बार्ज एक पाइपभर पुढे सरकते, आणि कोटिंगचं स्टेशन सगळ्यात शेवटी, त्याच्यामागे समुद्र. वेळ कमी पडला की तिथंच कापला जातो. काही शिफ्टमध्ये प्रायमर लावलाच गेला नाही. मला ते कळलं ते फोटोंतून, तेही सहा आठवड्यांनी. मी लिहून कळवलं की गृहीत बदललं आहे, हिशेब पुन्हा करायला हवा. उत्तर आलं की डिझाइन मंजूर झालेलं आहे. पुढे पाइप गाडला गेला. त्या जॉइंटांचं काय झालं, ॲनोड किती खपले, हे मला आजवर कुणी कळवलं नाही.

काकांच्या वहीसमोर मला ती फाइल आठवली. ट्रॉलरचा मालक पुढच्या जूनमध्ये परत येतो आणि काटा त्याला सांगतो की मागच्या वर्षीचं गृहीत किती बरोबर होतं. आमच्या धंद्यात आकडा लिहिणारा एक, कोटिंग करणारा दुसरा, दहा वर्षांनी रोबोट पाठवून पाहणी करणारा तिसरा. पाहणीचा अहवाल पहिल्याच्या टेबलावर येतच नाही. म्हणून आम्ही तोच तक्ता पुन्हा पुन्हा वापरतो, आणि भीती वाटली की त्यावर थोडं वाढवतो. उघड्यावरच्या ब्रेसलेट ॲनोडवर कॅमेरा फिरवून किती झिजला ते अजमावता येतं, प्रोब टेकवून व्होल्टेज घेता येतं. हे सगळं होतं. फक्त ते उलट्या हिशेबानं ब्रेकडाउन फॅक्टरपर्यंत नेऊन कुणी एका वहीत लिहीत नाही, निदान मी जिथं काम केलं तिथं तरी नाही.

शेऱ्याच्या रकान्यात मला दोन गोष्टी वारंवार दिसल्या. एक, "नदीत उभी". ह्या खनिजाच्या बार्जेस. पावसाळ्यात मांडवी-जुवारीचं पाणी गोडं होतं, विजेचा प्रवाह फारसा वाहत नाही, झिंक जवळजवळ तसंच परत येतं. २०१२ मध्ये खाणकाम थांबलं त्यानंतरची पानं तर बार्जेसच्या बाबतीत जवळपास कोरी आहेत. झिंक खपलं नाही म्हणून रंग चांगला, असं तिथं म्हणता येत नाही, आणि काका म्हणतही नाहीत; नदीतले महिने ते वेगळे मोजतात. पाइप गाडलेला की उघडा, ह्यानं आमच्याकडेही असाच फरक पडतो. त्याच पाइपाला मातीत दर चौरस मीटरला ०.०२० अँपिअर पुरतात, पण मातीत ॲल्युमिनियमसुद्धा किलोमागे २,००० ऐवजी १,५०० अँपिअर-तासच देतं. दोन्ही आकडे एकदमच बदलावे लागतात. मी तपासलेल्या कितीतरी डिझाइनांत पहिला बदललेला असतो आणि दुसरा विसरलेला.

दुसरा शेरा, "बोल्टखाली रंग". हा काकांचा सगळ्यात आवडता विषय. रंगारी घाईत ॲनोडच्या बैठकीवरही रंग मारतो, वर वीट घट्ट बसवतो, आणि विजेचा संबंध तुटतो. वर्षानं वीट नवीकोरी परत येते. मालक खूश, झिंक वाचलं! त्याच वेळी पंख्याजवळचा पत्रा खाल्लेला असतो. म्हणजे न खपलेल्या ॲनोडचे दोन अर्थ होतात, एक फार चांगला आणि एक फार वाईट, आणि नुसत्या वजनानं ते वेगळे करता येत नाहीत.

त्यासाठी दुकानाची एक सेवा आहे, आणि मी तिला सगळ्यात जास्त गुण देईन. काका सिल्व्हर क्लोराइडचं हाफ-सेल (व्होल्टेज मोजताना संदर्भ म्हणून पाण्यात सोडायचा इलेक्ट्रोड) आणि मल्टिमीटर एका दिवसाच्या भाड्यानं देतात. अनामत ठेवायची, भाडं नाममात्र. बोट पाण्यात गेली की हाफ-सेल दोरीनं पाण्यात सोडायचं, मीटरचं दुसरं टोक पत्र्याला घासून लावायचं आणि आकडा वाचायचा. वजा ०.८० व्होल्टपेक्षा जास्त उणे असेल तर पोलाद सुरक्षित. समुद्राखालच्या पाइपलाइनलाही हीच कसोटी. गेल्या ऑगस्टमध्ये भावजींच्या बोटीला मागे वजा ०.९५ आला, पुढे वजा ०.८८. शेजारच्या ट्रॉलरला वजा ०.६४, म्हणजे झिंक लावलेलंच नसल्यासारखं. त्याच्या सहाही विटांखाली रंग होता. काकांच्या पोरानं दोन तासांत बोल्ट काढून बैठकी घासून दिल्या. त्या मालकाकडून मजुरीसुद्धा घेतली नाही, कारण विटा इथूनच गेल्या होत्या आणि बसवताना सांगायचं राहिलं होतं. त्या दिवशी मी तिथं होते म्हणून खात्रीनं सांगते.

आता जे खटकतं ते.

दुकानात दोन दर्जाचं झिंक आहे. एक प्रमाणपत्रासहित, प्रत्येक वितळणीचा रासायनिक अहवाल फाइलीत. दुसरं स्वस्त, कागदाशिवाय. झिंकमध्ये लोखंडाचं प्रमाण ०.००५ टक्क्यांच्या वर गेलं की त्याच्यावर घट्ट साय धरते आणि ते काम करेनासं होतं, हे काकांना माझ्याइतकंच माहीत आहे. तरी मागणारा मागतो म्हणून ते स्वस्तही ठेवतात. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की हे बंद करा. ते म्हणाले, मी नाही ठेवलं तर तो दुसरीकडून घेईल आणि वहीत ओळसुद्धा येणार नाही. मला हे पटलेलं नाही. घेणाऱ्यांनी फाइल मागून बघावी, विचारलं की लगेच काढून देतात.

दुपारी एक ते साडेतीन दुकान बंद, रविवारी पूर्ण बंद. बंदीच्या पहिल्या पंधरवड्यात इतकी गर्दी असते की वजनाला तास-दीड तास थांबावं लागतं. तिसऱ्या आठवड्यात जा. ॲल्युमिनियमच्या विटा कमी ठेवतात, मोठ्या मापाच्या आधी सांगून मागवाव्या लागतात. पक्कं बिल हवं तर सुरुवातीलाच सांगायचं.

आणि वही कागदाची आहे. वास्कोच्या पावसाळ्यात कागदाचं काय होतं ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. १९९६ च्या वहीची पहिली चौदा पानं एकमेकांना चिकटली आहेत. मी परवानगी घेऊन चार वह्यांचे फोटो काढून ठेवले, दोन अजून बाकी आहेत.

वहीची खरी उणीव दुसरी होती. रंगाच्या रकान्यात "लाल प्रायमर, दोन हात" असं असायचं. किती जाड, आणि खाली पत्रा कसा तयार केला, हे नसायचं, आणि ब्रेकडाउनचं सगळं मूळ तिथंच. गेल्या जूनमध्ये मी काकांना दोन रकाने वाढवायला सांगितले: पत्रा ब्लास्ट केला (म्हणजे जोरात कणांचा मारा करून साफ केला) की नुसता घासला, आणि रंग किती मायक्रॉन. जाडी मोजायचं माझं गेज त्यांच्याकडे ठेवून आले. मला वाटलं होतं की हो म्हणतील आणि विसरतील. ह्या जूनमध्ये गेले तेव्हा दोन्ही रकाने पट्टीनं आखलेले होते आणि एकतीस बोटींपुढे आकडे भरलेले होते. ज्यांनी ब्लास्ट केलं होतं त्यांच्या ओळीपुढे छोटी फुली. सत्तरीतला माणूस, बंदीच्या गर्दीत, प्रत्येक बोटीवर जाऊन पाच जागी गेज टेकवतो आणि त्यातला सगळ्यात कमी आकडा लिहितो. सरासरी का नाही लिहीत, विचारलं. म्हणाले, गंज सरासरीवर लागत नाही.

भावजींनी गेल्या वर्षी माझं ऐकून पत्रा ब्लास्ट करून घेतला होता, कडांना आणि वेल्डना ब्रशनं आधी एक जादा हात, मग सगळीकडे दोन. काकांच्या गेजवर सर्वात कमी २१० मायक्रॉन. मानकाच्या दुसऱ्या प्रकाराला २५० लागतात, म्हणजे तिथंही आम्ही थोडक्यात हुकलो. झिंक मात्र पूर्वीइतकंच लावलं, सहा विटा, अठरा किलो. ह्या वेळी मी कमी करायला सांगितलं नाही.

परवा वजन झालं. १०.६ किलो परत आलं, ७.४ गेलं. फॅक्टर सुमारे ०.११. मागच्या वर्षीच्या ०.१७ वरून. मागच्या दोन विटा निम्म्याहून जास्त खपल्या होत्या, पुढच्या दोन जेमतेम, प्रत्येकी २.७ किलो. बैठक उघडून बघितली, चकचकीत होती, म्हणजे संबंध तुटलेला नव्हता. तिथं गरजच कमी होती. काका म्हणाले, पुढची एक काढून पंख्याजवळ न्या, आणि बोट पाण्यात गेली की पुढचा आकडा पहिल्यांदा घ्या, तो वजा ०.८० च्या जवळ सरकतोय का बघायला. मग त्यांनी वही माझ्यासमोर सरकवली आणि शेरा मलाच लिहायला सांगितला. मी लिहिलं: "पुढची १ मागे हलवली, ऑगस्टमध्ये पुढे मोजणे."